बार्शी लाईटचा जनक आणि त्याची हवाई छत्री

‘बार्शी लाईट’ या नावातला ‘लाईट’ म्हणजे दिवा नव्हे, हे हल्ली विद्यार्थ्यांना सांगावे लागते. आमच्या सोलापुरात ‘लाईट’ हा शब्द दिवसातून शंभर वेळा तोंडी येतो, पण तो ‘लाईट गेली’ आणि ‘लाईट आली’ एवढ्यापुरताच. त्यामुळे वर्गात एकदा बार्शी लाईटचा उल्लेख आला तेव्हा एका मुलाने विचारले, “सर, म्हणजे ती गाडी विजेवर चालत होती का?” बिचारी गाडी! तिचे उभे आयुष्य धुरात गेले. ‘लाईट’ म्हणजे हलकी. हलके रूळ, हलके इंजिन, हलके डबे. आणि हा हलकेपणा गरिबीतून आलेला नव्हता. एका माणसाने तो कागदावर आकडेमोड करून जाणूनबुजून घडविला होता.

त्या माणसाचे नाव एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप. कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, लातूर, मिरज एवढ्या मुलखात तीन-चार पिढ्यांनी त्याच्या गाडीतून प्रवास केला. लग्नाची वऱ्हाडे नेली, आषाढीकार्तिकी केली. पण त्याचे नाव विचारले तर शंभरात एकालाही सांगता यावयाचे नाही. त्याच्या स्वतःच्या देशात त्याचे नाव थोडेफार निघते, ते मात्र रेल्वेपेक्षा एका निराळ्याच गोष्टीसाठी. ती गोष्ट मला कळली तेव्हा हा गृहस्थ आपल्या वाचकांना भेटवावा असे वाटले.

कॅलथ्रॉपचा जन्म ३ मार्च १८५७ चा, इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातला. वडील शेतकरी. घरात भावंडांची रांग, हा सर्वांत थोरला. सतराव्या वर्षी तो क्रू येथील रेल्वेच्या प्रसिद्ध कारखान्यात उमेदवार म्हणून दाखल झाला. तेलात आणि कोळशात हात काळे करून शिकला आणि १८८२ मध्ये, वयाच्या पंचविशीत, जी. आय. पी. रेल्वेत इंजिनांचा तपासनीस म्हणून हिंदुस्थानात आला.

त्या काळचे चित्र डोळ्यांपुढे आणा. मुंबईहून निघालेला जी. आय. पी.चा लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला होता. पण रेल्वे आपल्या सरळ वाटेने गेली आणि वाटेतली कितीतरी मोठी गावे बाजूला राहिली. बार्शी त्यांतलेच एक. बार्शीची पेठ मोठी, कापसाची आणि तेलबियांची. मराठवाड्यातला, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखातला, मालही तिथे उतरे. रेल्वेचे स्टेशन मात्र एकवीस मैलांवर. त्या स्टेशनाचे नावच ‘बार्शी रोड’ होते. तीच आजची कुर्डुवाडी. बार्शी रोड म्हणजे बार्शी नव्हे, बार्शीकडे जाण्याचा रस्ता! एकवीस मैल बैलगाडीला रात्रभराची वाट, आणि पावसाळ्यात काळ्या मातीने चाके धरली म्हणजे ती केव्हा सुटतील याचा नेम नाही.

कॅलथ्रॉपने हे पाहिले. पाहणारे पुष्कळ असतात. याने रजा काढून फाट्याच्या मार्गांची पाहणी केली. हा १८८६ चा सुमार. मोठ्या रेल्वेला माल आणून देणारे छोटे फाटे खाजगी भांडवलातून व्हावेत असे सरकारलाही वाटू लागले होते. पण सरकारला वाटणे आणि सरकारने परवानगी देणे यांत किती अंतर असते हे वाचकांना मी काय सांगावे! कॅलथ्रॉपचे अर्ज, योजना, पत्रव्यवहार यांत आठ-नऊ वर्षे गेली. दरम्यान त्याने जी. आय. पी.ची नोकरी सोडली, इंग्लंडला परतून लिव्हरपूलला सल्लागार अभियंता म्हणून बस्तान बसविले, पण बार्शीचा नाद सोडला नाही. शेवटी १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये पहिली गाडी बार्शीत शिरली. १८९६-९७ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळत होता, मुंबईपुण्याकडे प्लेगने हाहाकार उडविला होता. अशा दिवसांत ही गाडी सुरू झाली.

आता त्याची करामत कोणती, ते सांगतो. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे, पण ही गोष्ट बैलगाडी हाकणाऱ्यालाही समजेल अशी आहे. गाडीत भार मागे जास्त झाला की ती उलाळ होते, पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर येते. जाणता गाडीवान माल असा रचतो की ओझे सारखे बसावे. रेल्वेत तेव्हा काय होत असे? इंजिन जड, डबे त्या मानाने हलके. रूळ घालायचे ते इंजिनाचे वजन पेलण्याजोगे भक्कम, म्हणजे महाग. आणि त्या महागड्या रुळांवरून धावायचे ते अर्धवट ताकदीचे डबे. कॅलथ्रॉपने हिशेब उलटा मांडला. आधी त्याने ठरविले की एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पाच टनांहून अधिक भार येता कामा नये. त्या मापाने रूळ घेतले वारभर लांबीला तीस पौंड वजनाचे. आणि मग इंजिनापासून मालाच्या डब्यापर्यंत प्रत्येक वाहन असे आखले की, प्रत्येक आसाने आपल्या वाट्याचे पाच टन पुरेपूर उचलावेत. कोणी जास्त नाही, कोणी कमी नाही.

त्यासाठी लीड्सच्या किट्सन कारखान्याकडून जी इंजिने बनवून घेतली, त्यांना आठ लहान जोडचाके आणि त्यांच्या मागे भार वाहणारी आणखी चार, अशी एकंदर बारा चाके होती. एवढ्याशा इंजिनाला एवढी चाके पाहून लोक हसले असतील. पण तेच त्यातले मर्म होते. डबेही ठोकून घडविलेल्या पोलादी सांगाड्यांचे, चार-चार चाकांच्या स्वतंत्र गाड्यांवर बसविलेले, वळणावर सहज वळणारे. शक्य तेवढे सुटे भाग एकाच मापाचे, म्हणजे एका डब्याचा भाग दुसऱ्याला चालावा. दोन रुळांतले अंतर अवघे अडीच फूट, जी. आय. पी.चे साडेपाच. हा सारा सरंजाम हिंदुस्थानात पाठविण्यापूर्वी त्याने लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम रूळ टाकून तो चालवून दाखविला आणि तिथल्या रेल्वेतज्ज्ञांना पाहावयास बोलावले. अरुंद रेल्वे म्हणजे खाणीतले किंवा बागेतले खेळणे ही त्यांची समजूत होती. ते खेळणे खऱ्याखुऱ्या रेल्वेचे काम करू शकते, हे बार्शीने सिद्ध केले.

पुढे गाडीची शेपटी वाढत गेली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोहोचली आणि वारकऱ्यांची सोय झाली. तोवर बार्शी रोडला उतरून पुढची तीस-एक मैलांची वाट बैलगाडीने नाहीतर पायी, विठ्ठलाचे नाव घेत तुडवावी लागे. १९११ मध्ये ती येडशी, ढोकी, मुरूड करीत लातूरला गेली. लातूरच्या पेठेचा उत्कर्ष या गाडीने झाला असे म्हटले तर लातूरकर रागावणार नाहीत.

मी लहानपणी या गाडीने पंढरपूरला गेलो आहे. समोरासमोर बसलेल्या माणसांचे गुडघे एकमेकांना लागत, आणि त्यामुळे मोडनिंब येईपर्यंत ओळख झाली नाही असे सहसा होत नसे. चढावर गाडीचा वेग असा होई की, थट्टेखोर मंडळी म्हणत, खाली उतरून हरभऱ्याचे डहाळे उपटून पुन्हा गाडीत बसावे. आज ती गंमत वाटते. पण त्या वेळी शेजारी एक आजीबाई होत्या, त्या म्हणाल्या, “हसू नका रे बाबांनो, माझी सासू चालत जायची.” त्यावर कोणी बोलले नाही.

दोष नव्हता असे नाही. अरुंद रुळावरचा डबा रुंद रुळावर जाऊ शकत नाही. त्यामुळे बार्शीचा कापूस कुर्डुवाडीला छोट्या डब्यांतून उतरवून मोठ्या डब्यांत भरावा लागे. हमालांना काम मिळे, व्यापाऱ्यांना भुर्दंड पडे. हे दुखणे कॅलथ्रॉपला ठाऊक होते. इंग्लंडमध्ये लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्यातली छोटी रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली, तिचाही तो अभियंता होता. तिथे त्याने मोठ्या रेल्वेचा अख्खा डबाच छोट्या गाडीच्या पाठीवर चढवून न्यायची युक्ती केली. त्या रेल्वेच्या दोन इंजिनांपैकी एकाला ‘ई. आर. कॅलथ्रॉप’ असे नाव होते आणि त्यांच्या कपाळावर आपल्याकडच्यासारखा भला मोठा दिवा होता. हिंदुस्थानने इंग्लंडकडून रेल्वे घेतली हे आपण शाळेत शिकतो. बार्शीचा नमुना इंग्लंडच्या डोंगरात गेला हे कोणी शिकवीत नाही. ती रेल्वे १९३४ मध्ये बंद पडली आणि तिच्या मार्गावरून आता लोक पायी फिरायला जातात. आपली गाडी मात्र पुरून उरली. १९५४ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली, आणि या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने सगळा मार्ग रुंद झाला. आज लातूरचा माल कुर्डुवाडीला उतरवावा लागत नाही.

रेल्वेचे हे झाले. आता दुसरी गोष्ट.

कॅलथ्रॉपचा एक मित्र होता चार्ल्स रोल्स. ‘रोल्स-रॉइस’ मोटारीतला रोल्स तोच. त्याला विमानाचे वेड होते. १२ जुलै १९१० रोजी बोर्नमथ येथे उड्डाणाचा सोहळा चालू असता त्याचे विमान मोडून पडले आणि तो जागच्या जागी ठार झाला. वय अवघे बत्तीस. कॅलथ्रॉप तेव्हा त्रेपन्न वर्षांचा होता. नाव झाले होते, पैसा मिळाला होता. एखाद्याने मित्राचे दुःख केले असते आणि आपल्या कामाला लागला असता. याने ठरविले की, विमानातून पडणाऱ्या माणसाला जिवंत खाली आणण्याची सोय झालीच पाहिजे.

हवाई छत्री तेव्हा नवी नव्हती. फुग्यातून उडी मारून पोटे भरणारे कसरतपटू ती वापरीत. पण विमानातून उडी मारणे निराळे. छत्री विमानाच्या शेपटीत अडकेल, दोऱ्या गुंततील, उघडायला वेळ लागेल आणि तेवढ्यात जमीन येईल. कॅलथ्रॉपने आपली छत्री घडी करून एका डब्यात ठेवली आणि तो डबा विमानाला जोडला. डब्यातून निघालेली दोरी वैमानिकाच्या अंगावरच्या पट्ट्यांना. वैमानिकाने फक्त बाहेर पडायचे. त्याच्याच वजनाने छत्री ओढली जाऊन उघडणार. बेशुद्धीच्या काठावर असलेल्या माणसालाही दुसरे काही करावे लागू नये. येथेही त्याचा जुना स्वभाव दिसतो. रेल्वेत त्याने ओझ्याचा हिशेब केला होता, येथे त्या ओझ्यालाच कामाला लावले. या छत्रीला त्याने नाव दिले ‘गार्डियन एंजल’, म्हणजे पाठराखा देवदूत. १९१६ मध्ये तर दाबलेल्या हवेच्या जोराने वैमानिकाला विमानाबाहेर फेकण्याच्या योजनेचेही त्याने पेटंट घेतले. आजच्या लढाऊ विमानांत जी उडते आसने असतात, त्यांचीच ही आद्य कल्पना.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. विमाने लाकडाची आणि कापडाची, पेट्रोलची टाकी वैमानिकाच्या जवळ. गोळी लागून पेट घेतला की वैमानिकापुढे दोनच वाटा, जळत खाली जावे किंवा उडी टाकून मरावे. कॅलथ्रॉपने १९१५ पासून आपली छत्री लष्करापुढे ठेवली. प्रयोग झाले, अहवाल झाले. फुग्यात बसून टेहळणी करणाऱ्यांना छत्र्या मिळत होत्या. विमानातल्यांना मिळाल्या नाहीत.

कारणे काय दिली गेली? छत्री जड आहे, तिने विमानाचा वेग मंदावतो, कोंदट जागेत ती बसवायची कुठे, गिरक्या घेणाऱ्या विमानात दोरी गुंतेल. ही कारणे अगदीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. गार्डियन एंजलमध्ये उणिवा होत्या. पण या कारणांच्या मागे आणखी एक समजूत वावरत होती असे सांगतात: सुटकेचे साधन हाताशी असले तर वैमानिक लढण्याऐवजी विमान सोडून पळेल! विशी-बाविशीतली पोरे आपण होऊन आगीत उडत होती, आणि त्यांच्या धैर्याबद्दल शंका जमिनीवर बसलेल्यांच्या मनात. कॅलथ्रॉपचा धाकटा भाऊ सर गाय कॅलथ्रॉप हा युद्धकाळात देशाचा कोळसानियंत्रक होता, म्हणजे घराण्याला सरकारदरबारी वजन नव्हते असेही नाही. तरीही नाही म्हणजे नाही.

छत्री कमी उंचीवरून उघडत नाही, हा एक आक्षेप होता. त्याला उत्तर देण्यासाठी १९१७ च्या नोव्हेंबरात मेजर ऑर्ड-लीस या अधिकाऱ्याने लंडनच्या टॉवर ब्रिजवरून, दीडशे फुटांच्या आसपासच्या उंचीवरून, गार्डियन एंजल बांधून थेम्स नदीत उडी घेतली. हा गृहस्थ शॅकल्टनबरोबर दक्षिण ध्रुवाकडे गेलेला, एलिफंट बेटावर महिनोन्‌महिने अडकून राहिलेला. छत्री उघडली, मेजरसाहेब सुखरूप भिजले. लोकांनी टाळ्या वाजविल्या. वरिष्ठांचे मत पालटले नाही.

१९१८ च्या उन्हाळ्यात जर्मन वैमानिक छत्र्या बांधून उडू लागले. त्यांचा नावाजलेला लढवय्या उडेट जूनअखेरीस अशाच छत्रीने वाचला. त्यानंतर महिनाही झाला नाही तो, २६ जुलैला इंग्रजांचा मॅनॉक जळत्या विमानातून खाली गेला. विमान पेटलेच तर जळण्यापेक्षा बरे म्हणून तो पिस्तूल जवळ ठेवी, असे त्याचे सोबती सांगत. दोन्ही बाजूंना एकच विद्या उपलब्ध होती, हे लक्षात घेतले म्हणजे मन विषण्ण होते.

गार्डियन एंजलचा उपयोग झाला तो शत्रूच्या मुलखात हेर उतरविण्यासाठी. त्यातली एक हकीकत आम्हा सोलापूरकरांना चटका लावणारी आहे. ९ ऑगस्ट १९१८ च्या रात्री अलेस्सांद्रो तांदुरा नावाच्या इटालियन लेफ्टनंटला ऑस्ट्रियाच्या फळीमागे उतरवावयाचे होते. विमान चालवीत होता बार्कर. तांदुराला एका झडपेवर बसविले होते आणि ती झडप उघडण्याचा दांडा होता दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हाती. तो अधिकारी पार्लमेंटचा सभासद होता, नाव विल्यम वेजवुड बेन. त्याने दांडा ओढला, तांदुरा अंधारात नाहीसा झाला, वर छत्री उघडली. हेच वेजवुड बेन १९२९ मध्ये भारतमंत्री झाले. सोलापुरात १९३० साली मार्शल लॉ पुकारला गेला तेव्हा आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे हे आमचे चौघे येरवड्यात फासावर गेले तेव्हा, लंडनमध्ये हिंदुस्थानचा कारभार त्यांच्याच हाती होता. त्या रात्री कॅलथ्रॉपच्या छत्रीवर त्यांनी एका माणसाचा जीव सोपविला होता आणि तो वाचला होता. या चौघांना वाचविणारा दांडाही त्यांच्याच हाताशी होता. त्यांनी तो ओढला नाही.

युद्ध संपले. २८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेत लेस्ली अर्व्हिनने पाठीवर बांधलेली, स्वतःच्या हाताने कडी ओढून उघडायची छत्री घेऊन विमानातून उडी मारली. ती छत्री विमानाला जखडलेली नव्हती, म्हणून अधिक भरवशाची ठरली. १९२५ च्या सुमारास इंग्लंडच्या हवाई दलाने छत्री स्वीकारली ती अर्व्हिनची. कॅलथ्रॉपच्या वाट्याला फार थोडे आले. खटपटीत पैसा बराच गेला.

तो कडवट झाला होता का, हे त्याच्या पुस्तकावरून तरी दिसत नाही. लंडनजवळ लाउटन येथे आपल्या घरी तो अरबी घोडे पाळीत असे. १९२० मध्ये त्याने घोड्यांवर एक ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातच घोड्याला सोबती आणि मित्र म्हटले आहे. चाबूक न मारता, मायेने आणि विश्वासाने घोडा तयार होतो असे त्याचे म्हणणे. छत्री दिली तर माणूस पळून जाईल असे म्हणणाऱ्यांना त्याने यातले एखादे पान वाचून दाखवावयास हवे होते, असे मला उगाच वाटून गेले.

३० मार्च १९२७ रोजी सत्तराव्या वर्षी तो लंडनमध्ये वारला. त्याच वर्षी बार्शी लाईटचा शेवटचा फाटा पुरा झाला, आणि पंढरपूरहून निघालेली गाडी सांगोला, ढालगाव, कवठे महांकाळ करीत पहिल्यांदा मिरजेला जाऊन लागली.